उतारवयातील पोहणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साठी गाठलेल्या बाईने पोहण्याविषयी बोलावे, याचे कोणाला हसू आले तर येऊ द्या. पहिल्या दिवशी तलावावर मलाही माझेच हसू आले होते.

आमच्या लहानपणी गंगेच्या काठी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मुलांना विहिरीत सोडीत. मी तशीच शिकले. पण परकर जाऊन साडी आली आणि माझी विहीर बंद झाली. भाऊ मात्र डुंबत राहिले. आपल्यापैकी कितीजणींची हीच हकीकत असेल! गोदावरी, पूर्णा, दुधना अशा नद्यांचा आपला परभणी जिल्हा. पण घाटावर धुणे धुताना पाय घसरला तर स्वतःस सावरता येईल अशा बायका किती?

छप्पन्नाव्या वर्षी नातवाला शिकवावयास नेले आणि मीही पाण्यात उतरले. विसरलेले हात आठ दिवसांत आठवले. जिना चढताना कुरकुरणारे गुडघे पाण्यात मुळीच बोलेनात, कारण अंगाचा भार पाणी पेलते. दोन वर्षांच्या सरावानंतर हिवाळ्यात, पाणी संथ असताना, गंगाखेडजवळ पात्र ओलांडावयाचे ठरविले. शेजारी होडी होती. अर्ध्यावर दम लागला आणि मी होडीचा काठ धरला. घरी कोणी म्हणाले, "आता पुरे, या वयात शोभत नाही." ते बोलणे थंड पाण्याहून अधिक बोचले.

तेव्हा मला आरती साहा आठवली. 1959 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहताना तिलाही किनारा जवळ आलेला असता माघार घ्यावी लागली. 29 सप्टेंबरला तिने ती खाडी पार केली. असे करणारी ती आशियातील पहिली स्त्री. पण ती एकोणीस वर्षांची होती, असे आपण म्हणाल. तर ऐका : 2018 साली लिंडा अ‍ॅशमोर या इंग्रज बाईंनी तीच खाडी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पोहून पार केली. आपल्या मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धांतही वयस्कांसाठी वेगळे गट असतात.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा उतरले. या वेळी घाई केली नाही, दमले की उताणी होऊन तरंगले, आणि पैलतीराची वाळू पायाला लागली. शक्ती तरुणपणाची असते. धीर धरावयास मात्र वयच शिकविते.

तथापि धाडस म्हणजे अविचार नव्हे. आधी डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा. गार पाण्यात एकदम उडी न घेता हळूहळू उतरावे. नदीत एकटीने कधीही जाऊ नये. वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, आणि धरणातून पाणी सोडले की शांत पात्रही फुगते. म्हणून गावच्या कोळ्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. माघार घ्यावी लागली तर लाजू नये.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. हळदीकुंकू, भजन यांच्या जोडीला आठवड्यातून एक सकाळ बायकांच्या पोहण्यासाठी राखावी. शिकवावयास मी येईन. आपल्या सुना-नातींची विहीर बंद होऊ नये, यासाठी आधी सासवांनी पाण्यात उतरले पाहिजे.