एक वार, दोन बोटे
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापड व्यापारी; नगररचना हा माझा विषय नव्हे. परंतु माप घेतल्याशिवाय कात्री चालवू नये, एवढे गादीवर बसून शिकलो. शहरातील चौक आखताना माप घेतले जाते ते मोटारीचे. तीन वर्षांच्या निरोगी बालकाची उंची सुमारे ९५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या भाषेत एक वार, दोन बोटे. त्या उंचीवरून शहर पाहा, असे सांगणाऱ्या ‘अर्बन ९५’ या उपक्रमात पुणे शहरही सहभागी झाले. तो नेदरलँड्समधील एका प्रतिष्ठानाचा उपक्रम आहे.

त्याच देशातील जुना दाखला मला अधिक बोलका वाटतो. महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये मुले वाढली आणि घरे अपुरी पडू लागली. महापालिकेच्या सेवेतील तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी १९४७ मध्ये एका लहानशा चौकात रुंद काठाचा वाळूचा हौद केला. चार गोल दगड, कोलांट्या मारण्यासाठी दांड्या, भोवती झाडे आणि मोठ्यांसाठी बाके. बस्स! हत्ती-घोड्यांचे पुतळे नाहीत. दगडाचा किल्ला करायचा की दुकान, हे मुलांनीच ठरवावे. ‘आमच्याकडेही करा’ अशी पत्रे इतर वस्त्यांतून येऊ लागली आणि १९७८ पर्यंत अशी ७०० हून अधिक क्रीडास्थाने झाली. पडलेल्या घरांच्या रिकाम्या जागाही वाया गेल्या नाहीत. आज त्यांतील मोजकीच मूळ रूपात उरली आहेत, ही खेदाची गोष्ट. मला भावला तो रुंद काठ. त्यावर आई टेकते आणि हाताच्या अंतरावर मूल रमते.

आता स्वतःविषयी. सुमारे २० वर्षांपूर्वी आमच्या पेठेच्या चौकातील निंबाला पार बांधण्याचा प्रस्ताव आला होता. ग्राहकांच्या गाड्या कोठे लागतील, म्हणून विरोध झाला. विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी होती. पार झाला नाही. आज माझी चार वर्षांची नात दुकानात येते आणि कापडाच्या गाठींवर बसून दुपार काढते; गाड्यांच्या फटींतून तिला बाहेर सोडवत नाही. मूल कडेवर घेऊन आलेल्या भगिनीही दोन साड्या पाहून उठतात. म्हणजे व्यापाराच्या हिशेबातही मी चुकलोच.

निंब अद्याप उभा आहे. पाराचा अर्ज या वेळी मीच लिहिला असून पेठेतील ११ व्यापारी बंधूंनी सह्या केल्या आहेत. उरलेल्यांपैकी बरेच जण समोर बसलेले दिसतात. कागद माझ्या खिशात आहे; भोजनापूर्वी कृपया भेटावे.