नवं गाणं आणि आपलं बजेट

(मंचाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणात पाच गाणी थोडी थोडी ऐकवली होती. ती कुठे वाजली ते कंसात दिलं आहे.)



"नव्या मराठी संगीतावर तू बोल" असं कमिटीने सांगितलं, तेव्हा माझ्या घरात सगळ्यात जास्त हसू आलं. गाण्यातलं मला कितपत कळतं ते घरच्यांना ठाऊक आहे. मी पेशाने अकाउंटंट. त्यामुळे एखादं गाणं आवडलं की पाठोपाठ मनात प्रश्न येतोच — याचे पैसे कुणी दिले आणि कुणाला मिळाले? आज त्याच अंगाने बोलणार आहे. चहानंतर पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांचं बजेट मताला येईल. त्यात मी एक सूचना दिली आहे. तिच्यामागचा विचार आधी तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात जुन्या गाण्यांपासून करते. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं! गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, असं करत करत ५६ गाणी झाली. विषय तुम्हाला पटो न पटो, पण हिशेबाच्या नजरेने बघा. आज ज्याला आपण 'अभिजात' म्हणतो ते तेव्हा दर आठवड्याचं ताजं गाणं होतं, आणि ते झालं कारण एका सार्वजनिक संस्थेने ते मागितलं, त्याला वेळ दिला, स्टुडिओ दिला. कुणीतरी मागितल्याशिवाय नवं गाणं क्वचितच जन्माला येतं.

अर्थात आकाशवाणीचं दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. ज्यांना ते नव्हतं त्यांनी आपली व्यवस्था स्वतः उभी केली. सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, वामनदादा कर्डकांची वस्तीवस्तीत गायली गेलेली गाणी. इथे गाणं मागणारी आणि पोसणारी होती ती चळवळ आणि वस्ती. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि ही गाणी टपरीवर, एसटी स्टँडवर विकली जाऊ लागली. शिंदे घराण्याकडे पाहिलं तर हा सगळा प्रवास दिसतो. विठ्ठलाची आणि भीमाची गाणी सारख्याच ताकदीने गाणारे प्रल्हाद शिंदे, कॅसेटचा जमाना गाजवणारे आनंद आणि मिलिंद, आणि आता चित्रपटांत गाणारा आदर्श. तीन पिढ्या, तीन बाजारपेठा! पण कॅसेटच्या काळात गाणाऱ्याला आणि त्याहून अधिक लिहिणाऱ्याला बहुधा एकदाच काय ती रक्कम मिळायची. कॅसेट लाखांनी खपली तरी पुढचा पैसा दुसरीकडे.

आता गेल्या दहा वर्षांतली पाच गाणी. मुद्दाम वेगवेगळ्या जातकुळीची निवडली आहेत.

(पहिलं: 'सैराट'मधलं झिंगाट, २०१६)

हे ओळखायला कुणाला एक सेकंदही लागला नाही, काही पाय तर आत्ताच हलायला लागले! अजय-अतुल म्हणजे आजच्या मराठी संगीतातलं प्रस्थापित नाव. या चित्रपटाचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण इथे अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालं. म्हणजे पैसा होता, आणि तो कानाला जाणवतो. पण ज्या चित्रपटातलं हे गाणं आहे त्याचा शेवट काय आहे? जातीबाहेर लग्न केलं म्हणून झालेला खून. आपल्याकडच्या लग्नांत हे गाणं वाजतं, आणि त्याच हॉलमध्ये "मुलगा आपल्यातलाच आहे ना?" हेही विचारलं जातं. गाण्याचा यात काही दोष नाही. गाणं किती दूर पोचतं आणि अर्थ किती मागे राहतो, एवढंच मला दाखवायचं होतं.

(दुसरं: 'द वारली रिव्होल्ट', २०१९)

'स्वदेसी' हा मुंबईतल्या तरुण रॅपर्सचा गट. सोबत आवाज आहे प्रकाश भोईर यांचा, जे आरेतल्या आदिवासी पाड्यावर राहतात आणि तिथल्या जंगलासाठी लढतात. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं आहे त्यांना गाण्याचं नाव ऐकूनच १९४५चा वारल्यांचा उठाव आठवला असेल. याच २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं दोन दिवसांत तोडली गेली. वर्तमानपत्रात बातमी चार दिवस राहते. गाणं मात्र अजून वाजतं आहे. या गटातला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याचाही आवाज गाण्यांतूनच उरला.

(तिसरं: 'गुलाबी साडी', २०२४)

हसू नका! आपल्या मुलांना पाठ असलेलं हे बहुधा एकमेव मराठी गाणं असेल. जळगावकडच्या संजू राठोडने स्वतः लिहिलं, स्वतः गायलं. मागे कुठला चित्रपट नाही, घराणं नाही, पुण्या-मुंबईच्या मैफलीची शिफारस नाही. मराठी गाणं मोठं व्हायला पुण्याच्या रस्त्याने जावंच लागतं, ही समजूत या गाण्याने मोडली.

(चौथं: 'तांबडी चामडी', २०२४)

क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे गाणं क्लबमधल्या नाचाचं आहे, आणि ते काढलं स्पिनिन रेकॉर्ड्स या मूळच्या डच कंपनीने. मला गंमत वाटते ती विषयाची. लग्नाच्या जाहिरातीत अजूनही 'गोरी' लिहिणाऱ्या आपल्या समाजातून एक गाणं उठतं आणि उन्हात चमकणाऱ्या तांबूस कातडीचं कौतुक जगभरच्या डान्स फ्लोअरवर घेऊन जातं. शब्द न कळणारे लोकही त्यावर नाचले.

(पाचवं: कडुबाई खरात यांचं एक भीमगीत)

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, कडुबाई खरात. हातात एकतारी. दारोदार गाऊन पोट भरणाऱ्या या बाईंचा आवाज कुणीतरी मोबाइलवर टिपला आणि तो लाखो लोकांपर्यंत गेला. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. आता आपण पाचही गाणी ऐकलीत, तर मला सांगा: यातल्या किती गाण्यांचा कवी तुम्हाला सांगता येईल? यूट्यूबवर अशा अनेक भीमगीतांखाली गायकाचं नाव असतं, चॅनेलचं असतं, कवीचं नसतं.

आता पैशांकडे येते.

कायदा बराच सुधारला आहे. भारतात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. कवी आणि संगीतकार यांनी हक्क विकले तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा आता कुणी करारावर सही घेऊन काढून घेऊ शकत नाही. पण कागदावरचा हक्क आणि खात्यावर आलेला पैसा यांत अंतर असतं. त्यासाठी आयपीआरएससारख्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, एकेका गाण्याची नोंद करावी लागते. वस्तीत बसून लिहिणाऱ्या कवीला हे कोण समजावून सांगणार?

दुसरीकडे स्ट्रीमिंग. आपण दरमहा वर्गणी भरतो आणि समजतो की आपण ऐकतो त्या कलाकाराला पैसे गेले. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सर्वसाधारणपणे तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी एका हौदात जाते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त एका शाहिराला ऐकलंत तरी तुमच्या डॉलरचा मोठा भाग जगातल्या बड्या गायकांकडे जातो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. श्रोतेही पुरेसे वेगवेगळे हवेत. हे वाचून मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. आपल्या दोनशे घरांनी एक गाणं वर्षात पाच वेळा ऐकलं तर हजार होतात! नव्या माणसाच्या बाबतीत आपली ताकद आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

मग तुम्ही म्हणाल, या लोकांना इथेच बोलावू या की. जरूर, पण तिथे व्हिसा आडवा येतो. अशा कलेसाठी पी-३ नावाचा व्हिसा आहे. त्याचा अर्ज कलाकार स्वतः करू शकत नाही, इथल्या संस्थेने किंवा एजंटने करायचा असतो. कलेचं वेगळेपण सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून फीही वाढली आहे. हा खर्च दहा-बारा शहरांचा दौरा ठरला तरच अंगावर येत नाही, आणि दौरा ठरतो तो आधीपासून ओळखीच्या नावाचा. म्हणून आपल्या मंडळांत तीच ती जुन्या गाण्यांची मैफल पुन्हा पुन्हा होते. कुणाच्या मनात खोट असते असं नाही, गणितच तसं आहे. मैफलीवर माझा राग नाही, मीही पहिल्या रांगेत बसते. पण राहुल देशपांड्यांसारखे प्रस्थापित गायकसुद्धा आता स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर नवनवी गाणी घेऊन येतात, आणि आपल्या हॉलमधलं घड्याळ मात्र जुन्याच वेळेवर थांबलं आहे.

म्हणून माझी सूचना अशी:

१) कार्यक्रमांच्या बजेटचा एक चतुर्थांश भाग नव्या गाण्यासाठी राखून ठेवायचा.

२) त्यातून दरवर्षी एक नवं मराठी गाणं आपण करून घ्यायचं. कवी, गायक, संगीतकार तिकडचे, ध्वनिमुद्रण तिकडेच. अर्धं मानधन आधी, अर्धं गाणं हाती आल्यावर. पहिलं गाणं ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला इथे वाजावं.

३) लेखी करार करायचा. कॉपीराइट त्यांचाच राहील, आपल्याला फक्त वाजवण्याची परवानगी.

४) यापुढे आपल्या कुठल्याही कार्यक्रमात गाण्याआधी कवीचं नाव सांगायचं. याला तर एक सेंटही लागत नाही!

५) निवड तिघांनी करायची, त्यात एक जण इथे वाढलेला आणि पंचवीसच्या आतला हवाच.

एक शंका मला आधीच विचारली गेली आहे: "त्यांनी आपल्याला न आवडणारं काही लिहिलं तर?" शंका रास्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपर्सवर राजकारण्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांपायी गुन्हे नोंदवले गेले. तेव्हा आपण सगळ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. फार बरं वाटलं. पण ते गाणं दुसऱ्यांबद्दल होतं.

समजा, आपण पैसे देऊन सांगितलं, "लिहा काय हवं ते," आणि अमरावतीच्या एखाद्या पोराने आपल्याबद्दलच लिहिलं तर? २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली, आणि कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारलं. त्या वेळी आपल्याच ओळखीच्या घरांत काय काय बोललं गेलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्याच्यावर गाणं आलं तर ते आपण या हॉलमध्ये, मुलांसमोर, मोठ्या आवाजात लावू का?

माझं उत्तर हो आहे. आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो ते फुल्यांच्या फोटोला हार घालण्यापुरतं असेल, तर ऑर्केस्ट्रा पुरेसा आहे. वामनदादांनी, अण्णा भाऊंनी आपल्या श्रोत्यांना नुसतं खूश केलं नाही, प्रसंगी सुनावलंही. असं सुनावणारं गाणं पोसायची ऐपत आज आपल्याकडे आहे. ती ऐपत वापरायची की नाही, एवढाच प्रश्न चहानंतर मताला येणार आहे.

मतपत्रिकेवर सूचना क्रमांक चार. हिशेबाची प्रत दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. एकेक आकडा तपासा आणि शंका असेल तर मला पकडा, मी चहाच्या रांगेतच आहे.