आठ तासांचा पाहुणा

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, किंताना रो राज्याच्या दक्षिण टोकाकडे माहावाल नावाचं एक गाव आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे मासेमारी करणाऱ्यांची लहानशी वस्ती होती. २००१ च्या सुमारास गावापासून थोडं बाजूला समुद्रात लांबलचक धक्का बांधला गेला. त्याला ‘कोस्टा माया’ असं आकर्षक नाव मिळालं आणि क्रूझ जहाजं येऊ लागली. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखं जहाज पूर्ण भरलं, तर त्यावर साडेसात हजारांच्या वर प्रवासी असतात. गावाची वस्ती आजही काही हजारांचीच आहे. म्हणजे एका सकाळी अख्ख्या गावापेक्षा जास्त माणसं दारात येतात आणि दिवस मावळायच्या आत निघूनही जातात. उत्तरेकडच्या कोझुमेल बेटावर हेच आणखी मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे वर्षाला चाळीस लाखांच्या वर क्रूझ प्रवासी येतात. हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. माझं म्हणणं असं, की ही मोजणीच चुकीची आहे. अशा गावाने माणसं न मोजता ती किती तास थांबली हे मोजावं, आणि ते तास कोणाच्या कुंपणात गेले हेही पाहावं.

हिशेब करून बघू. जहाज सकाळी आठला लागलं आणि साडेचारपर्यंत सगळ्यांनी परतायचं असं ठरलं, तर कागदावर साडेआठ तास होतात. उतरायला लागणारा वेळ आणि परतताना उशिराच्या धास्तीने हाताशी राखलेला तास वजा करा. चाक्चोबेनचे माया अवशेष पाहायला जाणाऱ्याचे जवळपास दोन तास बसमध्येच जातात. त्या सहलीचं तिकीट बहुधा जहाजावरच विकलेलं असतं आणि जहाज कंपनीचा वाटा कापून उरलेले पैसे स्थानिक बसवाल्याच्या हाती पडतात. जेवणाचे पैसे तर प्रवाशाने घरून निघण्यापूर्वीच भरलेले असतात. शिधा बांधून आलेला हा पाहुणा गावच्या खानावळीत ताटावर कशाला बसेल? फार तर एखादी बिअर घेईल. शिवाय धक्क्याच्या तोंडाशीच बंदराचं स्वतंत्र आवार आहे. पोहण्याचा तलाव, दागिन्यांची दुकानं, बार, सगळं तिथेच. खरं गाव तिथून पुढे, टॅक्सीने जाण्याच्या अंतरावर. पुष्कळ जण तिथवर पोचतच नाहीत, तरी मेक्सिको पाहिल्याचं समाधान घेऊन परततात. आणि जहाजाला संध्याकाळी निघायची घाई का? पुढचं बंदर गाठायचं असतं हे खरंच. पण बंदरात असताना जहाजावरचा जुगार आणि करमुक्त दुकानं बंद ठेवावी लागतात, हेही तितकंच खरं. रात्र समुद्रावर गेली तर कंपनीची कमाई होते आणि गावात गेली तर गावाची. यातली गंमत अशी, की पर्यटकांना संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून २०१५ मध्ये या राज्याने आपलं घड्याळच तासभर पुढे केलं. तो जादा उजेड मुक्कामी पाहुण्याच्या कामाचा. क्रूझवाला तोवर डेकवर जाऊन बसलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जहाजं नसती तर माहावालमध्ये होतं काय? टॅक्सी, मसाज, समुद्रात डुबकी मारायला नेणाऱ्या होड्या, यांवर आज अनेक घरं चालतात. हे मी नाकारत नाही. मात्र हाच पुरावा उलट बाजूनेही बोलतो. ऑगस्ट २००७ मध्ये ‘डीन’ चक्रीवादळाने धक्का मोडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत गावाचा रोजगार थांबला. कोरोनात मार्च २०२० नंतर कोझुमेलमध्ये जहाजं यायची थांबली, ती जून २०२१ पर्यंत. सव्वा वर्ष. ज्या गावाचं उत्पन्न एकाच फाटकातून आत येतं, त्या गावाची किल्ली फाटकाच्या मालकाकडे असते. माहावालचं बंदर विकत घेऊन तिथे मोठा जलक्रीडा प्रकल्प उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये एका क्रूझ कंपनीने केली. तसं झालं, तर टॅक्सीने गावापर्यंत जाण्याचंही कारण उरणार नाही. ज्या प्रवाळभिंतीच्या नावावर हे सगळं विकलं जातं, तिची झीज आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर ढिगाने येणाऱ्या सरगासम शेवाळाची सफाई मात्र गावाच्याच वाट्याला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पैसे मागाल तर जहाजं दुसरीकडे जातील. डिसेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने दर क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलरची आकारणी मंजूर केली. तोवर हे लोक जहाजावरच झोपतात, म्हणजे देशात मुक्कामाला आलेलेच नाहीत, या तर्काने त्यांना शुल्क माफ होतं. कंपन्यांनी कडाडून विरोध केला आणि अखेर तडजोड झाली. जुलै २०२५ पासून ५ डॉलर, टप्प्याटप्प्याने वाढवत २०२८ पर्यंत २१. धमकी पोकळ नव्हती, कारण बहामामध्ये कंपन्यांची स्वतःची खासगी बेटं तयारच आहेत. पण ही धमकी सगळीकडे सारखी लागूही पडत नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरचं एन्सेनाडा पाहा. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला लॉस एंजेलिसहून निघून तिथेच परतायचं असेल, तर वाटेत एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. कॅलिफोर्नियाहून तीन-चार दिवसांच्या फेरीवर निघालेल्या जहाजाला एन्सेनाडाइतकं सोयीचं बंदर दुसरं नाही. तिथे गरज जहाजाला आहे. तरीही घासाघीस करताना सगळी बंदरं सारखीच हात जोडून उभी राहतात, याचं मला नवल वाटतं. कराचा खरा दोष वेगळाच आहे. मूळ तरतुदीप्रमाणे त्यातला दोन-तृतीयांश वाटा लष्कराकडे जायचा होता. तो पैसा मेक्सिको सिटीत जमा होणार असेल, तर शेवाळ उचलणाऱ्या नगरपालिकेला ५ डॉलर काय आणि ४२ काय.

आज दिवसापुरता आलेला प्रवासी उद्या आठवडाभर राहायला येतो, असंही सांगतात. काही येत असतील. पण जो माणूस बंदराच्या आवारातूनच परत फिरला, तो कोणत्या गावाच्या ओढीने येणार? त्याला गावात थांबवायचं असेल, तर कराचा दर थांबण्याच्या वेळाशी बांधता येईल: दुपारी निघणाऱ्या जहाजाला पूर्ण, रात्री दहापर्यंत थांबणाऱ्याला निम्मा, मुक्काम करणाऱ्याला नाममात्र. जुगारातल्या तोट्यापुढे ही सवलत कंपनीला तोकडी वाटेल, हे मान्य. तरी निदान सौदा कशाचा चाललाय ते उघड होईल. मुंबईत बॅलार्ड पियरवर नवं क्रूझ टर्मिनल झालं, त्याची क्षमताही आपण वर्षाला दहा लाख प्रवासी अशीच सांगतो. ते प्रवासी शहरात किती तास थांबतील, हा रकाना आपल्याही तक्त्यात नाही.