बाल्सामिक म्हणजे बाम!

इलेक्ट्रॉनिक सिटीत आपण एवढे मराठी लोक जमलोय, तर आज एका आंबट विषयावर बोलू.

सॅलडजवळ एक काळपट बाटली ठेवलेली असते. बाल्सामिक व्हिनेगर. नावावरून वाटतं, यात बाल्सम नावाच्या झाडाचा चीक असेल. तसं काही नसतं. लॅटिनमध्ये ‘बाल्सामुम’ म्हणजे औषधी, सुगंधी राळ. डोकं दुखलं की आपण जो बाम चोळतो, तो शब्दही याच मुळाचा. म्हणजे नावात घटक नाही, गुण सांगितलाय.

याचं माहेर इटलीतलं मोदेना. तिथल्या ड्यूकच्या तळघराच्या वहीत 1747 साली हे विशेषण सापडतं. द्राक्षांचा रस आटवायचा आणि लहान लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांत मुरवायचा. पारंपरिक प्रकाराला किमान 12 वर्षं लागतात, त्यातल्या जुन्याला 25. दुकानात स्वस्त मिळतं त्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं. त्याला 60 दिवस पुरतात. म्हणून घटकांची यादी वाचा. द्राक्षरस आधी लिहिला असेल, तर त्याचं प्रमाण जास्त.

आता आपल्याकडे या. व्हिनेगर हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ ‘आंबट वाइन’. पोर्तुगीज गोव्यात आले, तिथे द्राक्षमळे नव्हते, माड होते. माडाची माडी, गोव्यात तिला सूर म्हणतात, ती ठेवली की यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं आणि जिवाणू मद्यार्काचं आम्ल. झालं व्हिनेगर! विंदालू हे नाव वाइन आणि लसूण अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलंय, पण गोव्याच्या विंदालूत वाइनची जागा या व्हिनेगरने घेतली.

2009 साली युरोपीय संघाने ‘मोदेनाचं बाल्सामिक व्हिनेगर’ या नावाला संरक्षण दिलं. त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव कायद्याने राखता येतं. पण माडी काढायला रोज कुणीतरी माडावर चढावं लागतं. गोव्यात त्यांना रेंदेर म्हणतात, आणि त्यांची पुढची पिढी या कामात फारशी येत नाही. येईल तरी कशी? जीव धोक्यात घालून काढलेल्या माडीचं व्हिनेगर आपण अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या बाटलीच्या भावात मागतो.

तेव्हा गोव्याला गेलात, तर लेबल बघा. ‘सिंथेटिक’ लिहिलं असेल, तर बाटली परत ठेवा. माडीचं मागा, आणि दोन पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नका.