पीक एकाचे, गाळप दुसऱ्याचे

किराणा दुकानातून आणलेल्या तेलाच्या पिशवीवर ‘सोयाबीन’ असे लिहिलेले असले की आपल्याला लातूरची बाजार समिती आठवते. पण आपण वापरतो त्या सोयाबीन तेलाचा मोठा भाग बाहेरून येतो, आणि त्यातले बरेचसे दक्षिण अमेरिकेतून. अर्जेंटिना आणि ब्राझील ही नावे आपल्या कानांवरून गेलेली आहेत. आज मात्र त्यांच्या शेजारच्या दोन छोट्या देशांविषयी सांगायचे आहे. एक पॅराग्वे, दुसरा उरुग्वे. दोघांची मिळून लोकसंख्या एकट्या मुंबईपेक्षा कमी. दोघांकडेही सोयाबीन पिकते. पण तेलासाठी होणारे गाळप पाहिले, तर दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

चांगल्या वर्षी पॅराग्वेत सुमारे १ कोटी टन सोयाबीन निघते. त्यातले साधारण ३० लाख टन, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, देशातच गाळले जाते. उरुग्वेचे पीक चांगल्या वर्षी २० ते ३० लाख टनांचे. पण तिथले गाळप पिकाच्या मानाने नगण्य. जवळजवळ सगळा दाणा तसाच जहाजात भरला जातो.

मग उरुग्वेचे लोक आळशी आणि पॅराग्वेचे उद्योगी, असे समजायचे का? तसे नाही. आधी गाळप म्हणजे काय ते पाहू. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघते १८-१९ किलो. बाकी उरते ती मुख्यतः पेंड. म्हणजे सोयाबीनचा कारखाना वजनाने पाहिला तर तेलाचा नव्हे, पेंडीचा कारखाना असतो. पेंड खपली नाही, तर नुसत्या तेलावर तो चालत नाही.

उरुग्वेत सोयाबीन आले तेच उशिरा. २००० साली तिथे ते काही हजार हेक्टरांवर होते. पुढच्या पंधरा वर्षांत १० लाख हेक्टरांच्या पुढे गेले. हे सारे घडले ते मुख्यतः चीनच्या मागणीमुळे. उरुग्वेचे आणि चीनचे राजनैतिक संबंध १९८८ पासूनचे, आणि समुद्र दाराशी. चीनकडे स्वतःचे प्रचंड कारखाने आहेत. त्याला दाणा हवा, तेल नको. शिवाय उरुग्वेची गुरे मुख्यतः कुरणातल्या गवतावर वाढतात. पेंडीला घरचे गिऱ्हाईक मोठे नाही. जी लागते ती शेजाऱ्यांकडून आणता येते.

पॅराग्वेची गोष्ट उलटी. या देशाला समुद्र नाही. माल पॅराग्वे आणि पाराना नद्यांतून बार्जवर लादून हजार किलोमीटरहून अधिक खाली न्यावा लागतो. त्यातच पॅराग्वेने १९५७ पासून तैवानशी संबंध ठेवले आहेत, बीजिंगशी नाहीत. म्हणजे जगातला सर्वांत मोठा ग्राहक थेट दुकानात येत नाही. त्याचा दाणा नदीच्या वाटेवरच असलेल्या अर्जेंटिनातल्या रोसारिओ परिसरातील अवाढव्य कारखान्यांकडे जात असे. २००९ मध्ये अर्जेंटिनाने परदेशी सोयाबीन तात्पुरते आयात करून गाळण्याची सवलत काढून घेतली. पुढे २०१३ च्या सुमारास पॅराग्वेत राजधानी असुन्सिओनजवळ नदीकाठी नवे मोठे कारखाने सुरू झाले आणि गाळप झपाट्याने वाढले.

पण २०१६ मध्ये अर्जेंटिनाने ती सवलत पुन्हा दिली. रोसारिओचे कारखाने दाण्याला चांगला भाव देऊ लागले, आणि पॅराग्वेचे सोयाबीन पुन्हा नदीने खाली निघाले. आज पॅराग्वेची गाळपक्षमता वर्षाला सुमारे ४५ लाख टनांची आहे. तिचा बराच भाग रिकामा राहतो. शेतकरी म्हणतो, जिथे भाव मिळेल तिथे विकीन. कारखानदार म्हणतो, दाणा बाहेर गेला तर माझ्या कामगाराने काय करायचे? दोघांचेही म्हणणे खरे आहे.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. एकाच वर्षाची तुलना फसवी असते. २०२२ च्या दुष्काळात पॅराग्वेचे पीक निम्म्याहून खाली आले. २०२३ मध्ये उरुग्वेचे पीक कोसळून ७ लाख टनांच्या आसपास राहिले. २०२० आणि २०२१ मध्ये पॅराग्वे नदीचे पाणी इतके उतरले की बार्ज अर्ध्या भरून न्याव्या लागल्या. निदान पाच वर्षांची सरासरी घ्यावी, आणि गाळपाबरोबर पिकाचा आकडाही शेजारी मांडावा.

एकूण काय, जिथे पिकते तिथेच गाळले जाईल असे नाही. पेंड कोण घेतो, बंदर किती दूर आहे आणि शेजारचा कायदा काय म्हणतो, यावर ते ठरते. उरुग्वे एका मोठ्या ग्राहकावर विसंबून आहे, तर पॅराग्वे शेजाऱ्याच्या धोरणावर.

हे आपल्यालाही लागू आहे. मराठवाडा-विदर्भात नवा सॉल्व्हंट प्रकल्प येणार अशी बातमी आली, की त्याची क्षमता किती टन, हे आपण कौतुकाने वाचतो. त्यापुढे दोन प्रश्न विचारावेत. वर्षातले किती महिने त्याला दाणा मिळेल? आणि पेंड कोण विकत घेणार? त्यांची उत्तरे मिळाली, तरच त्या क्षमतेच्या आकड्याला अर्थ.