लास वेगासचा पिरॅमिड: वरून इजिप्त, आतून गणित

हेडफोन लावलेत ना? आज आपण जातोय लास वेगासला, आणि उतरणार आहोत थेट पिरॅमिडमध्ये.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॉन्फरन्ससाठी मी तिथे गेलो होतो. विमान उतरायला लागलं आणि खिडकीतून काळ्या काचेचा एक अख्खा पिरॅमिड दिसला. एअरपोर्टच्या अगदी जवळ! तेच हे लक्सर हॉटेल.

थोडं मागे जाऊ. १९८९ मध्ये वेगासला मिराज हॉटेल उघडलं, दारात चक्क खोटा ज्वालामुखी घेऊन. लोकांनी तुफान गर्दी केली. १९९० मध्ये एक्सकॅलिबर आलं, ते तर राजा-राणीचा किल्लाच. विचार सरळ होता: जुगार खेळायला एकटे बाबा नकोत, आई आणि पोरंसुद्धा आली पाहिजेत. मग १९९३ च्या शेवटच्या तीन महिन्यांत तीन मोठी हॉटेल्स उघडली: लक्सर, ट्रेझर आयलंड आणि एमजीएम ग्रँड. त्यात लक्सर पहिलं, १५ ऑक्टोबरला. ३० मजले, सुमारे ३५० फूट उंची, खर्च ३७.५ कोटी डॉलर.

आता इंजिनिअर लोकांनी कान टवकारा. पिरॅमिडच्या भिंती तिरक्या, खोल्या त्या भिंतींना लागून आणि मधे प्रचंड पोकळी. मग लिफ्ट सरळ वर नेणार कुठून? म्हणून कोपऱ्यांमधून ३९ अंशांत तिरकी धावणारी लिफ्ट बसवली. तिला म्हणतात इन्क्लिनेटर. बटण दाबलं की आपण वर जातो आणि सोबत बाजूलाही सरकतो. पहिल्यांदा मी पटकन रेलिंग धरलं, खोटं कशाला बोलू!

रात्री टोकातून आकाशात प्रकाशाचा झोत जातो. ३९ झेनॉन दिवे आणि खाली आरसे. त्या उजेडाला किडे येतात, किड्यांना खायला वटवाघळं येतात आणि त्यांच्या मागे घुबडं. २०१९ च्या उन्हाळ्यात शहरावर नाकतोड्यांची धाड आली, तेव्हा या झोतात ते अक्षरशः बर्फासारखे भुरभुरताना दिसत होते.

आणि आतला इजिप्त? सुरुवातीला हॉटेलात चक्क नाईल नदी होती, कॅसिनोभोवती होड्या फिरायच्या. तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती होती. दारात स्फिंक्स, गिझाच्या खऱ्या स्फिंक्सपेक्षाही उंच.

इथे एक गंमत आहे. इजिप्तमधल्या खऱ्या लक्सर शहरात हे प्रसिद्ध पिरॅमिड नाहीतच! ते गिझाला, साधारण ५०० किलोमीटर उत्तरेला. गिझाचा स्फिंक्सही तिथलाच. तुतनखामेनचं थडगं मात्र खरोखर लक्सरजवळ, राजांच्या खोऱ्यात आहे. म्हणजे हॉटेलच्या नावाला जागणारी वस्तू होती ती ही प्रतिकृती.

आणि नेमकी तीच गेली. नदी १९९६ मध्येच बंद झाली होती. २००५ मध्ये हॉटेल एमजीएमकडे आलं. २००७ पासून त्यांनी आतला इजिप्त खरवडून काढायला घेतला, कारण आता पोरांपेक्षा पैसेवाले मोठे लोक हवे होते. थडग्याची प्रतिकृती शहरातल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला दिली. २००८ मध्ये पिरॅमिडच्या आत आलं टायटॅनिकच्या वस्तूंचं प्रदर्शन. आहे की नाही अजब?

आमच्या भाषेत सांगायचं तर यूआय बदलला, पण आर्किटेक्चर तेच राहिलं. पिरॅमिडचा चौकोनी डबा करता येत नाही. खोल्यांच्या खिडक्या आजही तिरक्या आहेत, लिफ्ट आजही तिरकीच धावते. लेगसी कोडवर काम केलेल्या प्रत्येकाला हे दुःख कळेल.

आणि यूआय कितीही वेळा बदलला, तरी एक गोष्ट कोणीच बदलली नाही. कुठली, ते मला त्याच ट्रिपमध्ये कळलं.

एका रात्री तिथल्याच दुसऱ्या एका कॅसिनोत (नाव राहू दे) मी रुलेटला बसलो. झगमगाट, संगीत, हातात फुकटचं ड्रिंक. ‘फक्त वीस डॉलर’ म्हणत साठ घालवले, तेही जेवणाच्या भत्त्यातले. पुढचे दोन दिवस आईने दिलेल्या चिवड्यावर काढले. बॅग भरताना त्याच चिवड्याला मी नाक मुरडलं होतं.

रूमवर येऊन गणित मांडलं. अमेरिकन रुलेटच्या चाकावर ३८ घरं असतात. प्रत्येक घरावर एक डॉलर लावा, म्हणजे ३८ गेले. चेंडू कुठेही पडो, हातात परत येतात ३६. दोन डॉलर कॅसिनोचे, म्हणजे ५.२६ टक्के. तुमचं नशीब फुटकं असायची गरजच नाही, चाक नुसतं फिरत राहिलं तरी त्यांचं भागतं.

बी.टेक. झालेला माणूस मी. हे गणित मला येत होतं. पण ते बसण्याआधी मांडावं असं वाटलंच नाही. थीमचं कामच ते!

मोबाईलवर एखादं रंगीत चाक ‘फक्त एकदा फिरवा’ म्हणतं ना, तेव्हा आता माझा हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. साठ डॉलर फी भरून शिकलोय, तुम्ही फुकटात शिका.

वेगासला गेलात तर लक्सरच्या तिरक्या लिफ्टमध्ये जरूर बसा. आणि बॅगेत चिवडा असू द्या. भेटू पुढच्या भागात!