भाकरीबरोबर दोन शब्द



आज आम्ही तुम्हाला आमच्याच घरातली एक चूक सांगणार आहोत. चूक सांगताना लाज वाटते. पण आमची चूक ऐकून तुमची टळली, तर बरंच झालं म्हणायचं.

आमच्या घरी एक शिरस्ता होता. जेवताना कोणी बोलायचं नाही. आधी पुरुष बसत, मग पोरं. बाया शेवटी, चुलीपाशी. पोरानं तोंड उघडलं की आम्ही म्हणायचो, "गप जेव!" पोर गप्प बसे. आम्हाला वाटे, पोर गुणी आहे.

आमची धाकटी मुलगी तिसरीत होती. शाळेतून निरोप आला, "मुलगी मागे पडते. फळ्यावरचं उतरवून घेत नाही. विचारलं तर बोलत नाही." आम्ही तिला रागावलो. ती आणखीच मुकी झाली. असे चार-पाच महिने गेले.

एका रात्री जोराचा पाऊस आला. वीज गेली. घरात कंदील एकच. म्हणून सगळी माणसं एका वेळी, एका उजेडात जेवायला बसली. आमच्या म्हाताऱ्या आईनं सहज विचारलं, "पोरी, शाळेत तू कुठं बसतेस गं?"

"मागं, दाराजवळ."

"आज फळ्यावर काय लिहिलं होतं बाईंनी?"

पोर जरा थांबली. मग म्हणाली, "आजी, फळ्यावर नुसतं पांढरं पांढरं दिसतं. सगळ्यांना तसंच दिसतं ना?"

आमच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डोळे तपासले. चष्मा लागला. पोर ढ नव्हती. तिला दिसत नव्हतं. आणि ते सांगायला आम्ही तिला घरात जागा ठेवली नव्हती.

मंडळी, मूल बोलायला कसं शिकतं? ऐकून शिकतं, आणि बोलून शिकतं. साधारण एक वर्षाचं मूल पहिला शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडतं. "आई, पाणी." "बाबा, चला." पुढं शब्द वाढतात. पण ते आपोआप वाढत नाहीत. पिकाला पाणी लागतं, तसं मुलाला बोलणं लागतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली तर वळून बघत नसेल, तर थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा. त्याचे कान तपासून घ्या.

अमेरिकेत बॉस्टन शहराच्या आसपास १९८७ साली एक पाहणी सुरू झाली. गरीब घरांतली लहान मुलं निवडली. घरची माणसं जेवताना काय बोलतात, ते टेपवर घेतलं. जिथं जेवताना गोष्टी सांगत, कारणं समजावत, नवे नवे शब्द वापरत, तिथली मुलं पुढं शाळेत जास्त शब्द जाणत होती. त्या घरांत पैसा थोडा होता. पण बोलणं होतं.

आता आमच्या घरी काय करतो, ते सांगतो.

रात्रीचं एक जेवण सगळे मिळून करतो. बायासुद्धा पंगतीला बसतात. आई बोलते हे पोरीनं पाहिलं, तरच पोरगी बोलेल. टीव्ही बंद. मोबाईल कोनाड्यात.

"आज शाळेत काय झालं?" असं विचारलं की पोर म्हणतं, "काही नाही." म्हणून आम्ही नेमकं विचारतो. "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळलास? भांडण कशावरून झालं? मग तू काय केलंस?" विचारलं की थांबतो. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. मोठ्यांनी मध्येच तोंड घालू नये.

ताटातल्या भाकरीवरसुद्धा बोलता येतं. ही ज्वारी कुठून आली? पेरणी, कोळपणी, राखण, काढणी, मळणी, उफणणी, मग दळण. एका भाकरीत किती शब्द आहेत पाहा! तव्यावर भाकरी का फुगते? आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून. पोर विचारील, वाफ म्हणजे काय? मग सांगा. ठाऊक नसेल तर म्हणा, "उद्या मिळून विचारू." त्यात कमीपणा नाही.

लहान मूल चुकीचं बोललं तर हसू नका. ते म्हणालं, "बैल आली." तर आपण म्हणावं, "हो रे, बैल आला. कुठून आला?" मूल ऐकेल आणि सुधारेल. हसलात, तर उद्या ते बोलणारच नाही.

एक मात्र सांभाळा. तोंडात घास असताना बोलू देऊ नका, ठसका लागतो. आधी घास गिळावा, मग बोलावं.

आमची पोर आता पाचवीत आहे. फार बोलते. कधी कधी कान किटतात! पण आम्ही तिला गप्प करत नाही. गप्प पोरीच्या मनात काय होतं, ते आम्हाला पाच महिने कळलं नव्हतं.

तर मंडळी, आज रात्री घरी जा. सगळे एकत्र बसा. मुलाला एक गोष्ट विचारा. आणि मग, ऐका.